सिलिकॉनची चकती मायक्रोवेव्हने एकसारखी तापवताना: पापडापासून पायरोमीटरपर्यंत

मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते की, एके ठिकाणी पापड करपतो आणि तिथून दोन बोटांवर तो कच्चाच राहतो. पापडाच्या बाबतीत आपण तो उलटसुलट करून वेळ निभावून नेतो. परंतु त्याच भट्टीत पापडाच्या जागी सिलिकॉनचा वेफर, म्हणजे चिप बनवण्यासाठी वापरतात ती पातळ चकती ठेवला, तर या असमानतेची किंमत वेफर तडकण्यात, त्यात स्फटिकदोष निर्माण होण्यात किंवा एका टोकाला वेगळे आणि दुसऱ्या टोकाला वेगळे विद्युत गुणधर्म येण्यात मोजावी लागते. नाशिकमधील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आणि अंबड-सातपूरच्या छोट्या कार्यशाळांत क्वार्ट्झ नळीची मोठी भट्टी परवडत नाही, म्हणून मायक्रोवेव्हचा पर्याय अनेकांच्या मनात येतो. हा लेख अशा वाचकांसाठी आहे. ५० मिलिमीटर व्यासाचा, सुमारे ०.२८ मिलिमीटर जाडीचा सिलिकॉन वेफर ५०० अंश सेल्सिअसपर्यंत शक्य तितका एकसारखा तापवणे, एवढेच उद्दिष्ट समोर ठेवून पुढची मांडणी केली आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगतो, कारण ती उमगायला मला स्वतःला बराच काळ लागला. भट्टीतले विद्युतक्षेत्र एकसारखे करण्याच्या खटपटीत बहुतेकांचा वेळ वाया जातो. पोकळीतले क्षेत्र कधीच पूर्णपणे एकसारखे नसते. वेफर ज्या वेगाने तापतो त्यापेक्षा अधिक वेगाने त्या क्षेत्राची सरासरी होईल अशी व्यवस्था केली, की तापमान एकसारखे होते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका हिशेबाभोवती फिरतात.

सिलिकॉन मायक्रोवेव्ह कशी शोषते

घरगुती मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झ वारंवारितेवर चालते आणि तिच्या लहरीची हवेतील लांबी सुमारे १२.२ सेंटीमीटर असते. अन्नात ही ऊर्जा मुख्यतः पाण्याचे रेणू शोषतात. सिलिकॉनमध्ये पाणी नाही. तिथे ऊर्जा शोषतात ते मुक्त इलेक्ट्रॉन आणि होल, म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेल्या धनभारित रिकाम्या जागा. या दोघांना मिळून वाहक म्हणतात. त्यामुळे वेफर किती तापेल हे त्याच्या रोधकतेवर, म्हणजेच त्यात मिसळलेल्या फॉस्फरस किंवा बोरॉनच्या प्रमाणावर अवलंबून राहते.

येथे एक सोपे गणित फार उपयोगी पडते. रोधकतेला जाडीने भागले की शीट रेझिस्टन्स मिळतो. मोकळ्या अवकाशातून येणारी लहर पातळ पत्र्यावर सरळ आदळली, तर त्या पत्र्याचा शीट रेझिस्टन्स सुमारे १८८ ओहम प्रति चौरस असताना तो जास्तीत जास्त, म्हणजे निम्मी ऊर्जा शोषतो. हा आकडा अवकाशाच्या ३७७ ओहम प्रतिबाधेचा बरोबर अर्धा आहे. आपल्या ०.२८ मिलिमीटर जाडीच्या वेफरची रोधकता १० ओहम-सेंटीमीटर असेल, तर त्याचा शीट रेझिस्टन्स सुमारे ३५७ ओहम येतो आणि शोषण ४५ टक्क्यांच्या आसपास राहते. रोधकता १ ओहम-सेंटीमीटर असेल तर शोषण साधारण २७ टक्के होते. ती ०.०१ असेल तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी, कारण असा वेफर धातूच्या पत्र्यासारखा लहर परत फेकतो. उलट १००० ओहम-सेंटीमीटरचा वेफर जवळपास काचेसारखा वागतो आणि जेमतेम एक टक्का ऊर्जा धरून ठेवतो. पोकळीत लहरी पुन्हा पुन्हा आदळत असल्याने प्रत्यक्षातले आकडे बदलतात, परंतु कोणता वेफर आधी तापेल हा क्रम साधारण हाच राहतो. म्हणून कामाची पहिली पायरी म्हणजे वेफरच्या डबीवरचे लेबल वाचणे. लेबल नसेल तर चार टोकांच्या प्रोबने रोधकता मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता तापमानाचा भाग. खोलीच्या तापमानाला शुद्ध सिलिकॉनमध्ये दर घन सेंटीमीटरला सुमारे १०^१० मुक्त वाहक असतात आणि तापमान दर आठ-दहा अंशांनी वाढले की ही संख्या साधारण दुप्पट होते. १० ओहम-सेंटीमीटरच्या वेफरमध्ये मिसळलेल्या अशुद्धीचे वाहक याच्या लाखपट असल्याने सुरुवातीला या वाढीचा परिणाम जाणवत नाही. किंबहुना तापल्यावर वाहकांची गतिशीलता घटते आणि रोधकता थोडी वाढतेच. पण साधारण २५० ते ३०० अंशांच्या पुढे सिलिकॉनचे स्वतःचे वाहक वरचढ होतात आणि रोधकता झपाट्याने कोसळू लागते. हेच वळण धोक्याचे आहे. उच्च रोधकतेच्या वेफरमध्ये जो ठिपका जरा अधिक तापतो तो अधिक विद्युतवाहक बनतो, म्हणून अधिक ऊर्जा खेचतो, म्हणून आणखी तापतो. या बेलगाम तापण्यात काही क्षणांत मध्यभागी लालसर ठिपका उमटतो आणि पाठोपाठ वेफर फुटल्याचा ‘टक्’ असा आवाज येतो. आमच्या कार्यशाळेत पहिला उच्च रोधकतेचा वेफर असाच तीन तुकड्यांत बाहेर आला. भट्टी निर्दोष होती. त्या वेफरला एकट्यानेच ऊर्जा शोषायला लावण्याची चूक आमची होती.

नवशिक्याने म्हणूनच १ ते १० ओहम-सेंटीमीटरचे वेफर घ्यावेत. त्यांचा शीट रेझिस्टन्स १८८ ओहमच्या खाली उतरला, की पुढे तापमान वाढेल तसे शोषण कमी होत जाते आणि वेफर स्वतःच स्वतःला आवर घालतो.

भट्टी तपासणे: एक लिटर पाणी

भट्टी निवडताना एक गोष्ट तडजोडीची नाही. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या भट्टीत ३० टक्के शक्ती लावली, म्हणजे मॅग्नेट्रॉन (लहरी निर्माण करणारी नळी) काही सेकंद पूर्ण शक्तीने चालतो आणि उरलेला वेळ बंद राहतो. समजा ८०० वॅटची भट्टी ३० सेकंदांपैकी ९ सेकंद चालू राहते. या ९ सेकंदांत ७२०० जूल ऊर्जा सुटते आणि समोरच्या वस्तूची उष्णताधारकता दर अंशाला सुमारे १०५ जूल असेल, तर तापमान एका दमात ७० अंशांनी उसळून पुन्हा खाली येते. वेफरसाठी हा करवतीच्या दातांसारखा चढउतार घातक आहे. म्हणून कमी शक्तीवरही अखंड चालणारी इन्व्हर्टर पद्धतीची भट्टी घ्यावी.

भट्टीवर छापलेले वॅट खरे मानू नयेत. पातळ भिंतीच्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात एक लिटर पाणी घ्यावे, ढवळून तापमान नोंदवावे, ६० सेकंद भट्टी चालवावी, पुन्हा ढवळून तापमान नोंदवावे. वाढलेल्या अंशांना ७० ने गुणले की पाण्यात गेलेली शक्ती वॅटमध्ये मिळते. म्हणजे दहा अंश वाढले तर साधारण ७०० वॅट. ही चाचणी भट्टी गार असताना एकदा आणि दहा मिनिटे वापरल्यानंतर एकदा करावी, कारण मॅग्नेट्रॉन तापला की त्याची शक्ती घटते. औद्योगिक वसाहतीतल्या वीजदाबाचा चढउतार ज्यांनी सोसला आहे त्यांना वेगळे सांगायला नको की, शेजारच्या शेडमध्ये मोठी मोटर सुरू झाली की हा आकडाही हलतो. व्होल्टेज स्टॅबिलायझर लावावा आणि दर आठवड्याला पाण्याची चाचणी वहीत नोंदवावी. ओघाने एक सूचना: तापमापक उकळत्या पाण्यात तपासणार असाल, तर १०० अंशांची अपेक्षा ठेवू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते.

पोकळीचा नकाशा: पापड

फिरती थाळी आणि तिच्याखालचे चाक काढून घ्यावे. वेफर ज्या उंचीवर ठेवायचा आहे त्याच उंचीवर जाड पुठ्ठा बसवून त्यावर पापड शेजारी शेजारी पसरावेत. भट्टी मध्यम शक्तीवर ठेवून पहिले डाग दिसताच थांबवावी. पापड पूर्ण भाजून निघाला तर नकाशाच पुसला जातो. उडदाचे किंवा तांदळाचे पांढरे पापड यासाठी उत्तम. आपल्याकडचे नागलीचे पापड चवीला कितीही सरस असले तरी मुळातच गडद असल्याने त्यांवर डाग ओळखता येत नाहीत. एकमेकांवर आदळणाऱ्या लहरींमुळे स्थिर लहर तयार होते आणि तिची शिखरे अर्ध्या लहरलांबीच्या, म्हणजे साधारण ६ सेंटीमीटरच्या अंतराने येतात. प्रत्यक्ष पोकळीत अनेक लहरनमुने एकत्र असल्याने डागांची रांगोळी याहून वेडीवाकडी दिसते. तिचे छायाचित्र काढून ठेवावे. उंची २ सेंटीमीटरने बदलून हाच प्रयोग पुन्हा करावा आणि ज्या उंचीवर डाग जास्त व फिके दिसतील ती उंची निवडावी. मोजक्या गडद डागांची उंची टाळावी.

आता थाळी परत बसवून नवा पापड फिरता ठेवून पाहावा. या वेळी डागांऐवजी वर्तुळाकार पट्टे दिसतील. थाळी कोनानुसार सरासरी करते, परंतु केंद्रापासूनच्या अंतरानुसार जो फरक आहे त्याला ती हात लावत नाही. शाळेच्या भूगोलात शिकलेले दोन शब्द इथे कामाला येतात. वेफरला नुसते परिवलन दिले तर त्याचा मध्यबिंदू एकाच जागी खिळून राहतो. त्याला थाळीच्या कडेला ठेवून नुसते परिभ्रमण दिले तर त्याची आतली कड कायम आतल्याच वर्तुळावरून फिरते. दोन्ही गती एकत्र दिल्या तरच खरी सरासरी होते. अशी यंत्रणा बनवणे कष्टाचे आहे आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे आपल्या कामासाठी तिची गरजही पडत नाही.

नुसते फिरवून का भागत नाही

आपल्या वेफरचे वजन अवघे १.३ ग्रॅम भरते. सिलिकॉनची विशिष्ट उष्णता दर ग्रॅम-अंशाला ०.७ जूल धरली, तर त्याला एक अंश वाढायला एक जूलही लागत नाही. त्याने १०० वॅट शोषले तर तो सेकंदाला १०० अंशांहून अधिक वेगाने तापेल. घरगुती थाळीला एक फेरी घ्यायला १० ते १२ सेकंद लागतात. म्हणजे सरासरी पूर्ण होण्याआधीच वेफरचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

सिलिकॉन स्वतः उष्णता वाहून नेऊन हा फरक मिटवेल काय? जाडीच्या दिशेने तो मिटवतो, तेही काही मिलिसेकंदांत, म्हणून जाडीतील असमानतेची काळजी करू नये. आडव्या दिशेने मात्र उत्तर निराळे आहे. खोलीच्या तापमानाला सिलिकॉनमधून उष्णता ३ सेंटीमीटर पसरायला दहाएक सेकंद लागतात. ९०० अंशांजवळ त्याची उष्णतावाहकता बरीच घटलेली असल्याने तेवढ्याच अंतराला मिनिटभर लागते. अर्थात वेफर जसजसा तापतो तसतशी त्याची स्वतःला सावरण्याची क्षमता मंदावते. येथून वाट एकच उरते: वेफरला जड आणि संथ सोबत देणे.

थर रचणे

कोकणात धोंडस करताना पातेल्याखाली चूल आणि झाकणावर निखारे ठेवतात, त्याच धर्तीवर वेफरच्या खाली आणि वर सिलिकॉन कार्बाइडच्या सपाट फरश्या ठेवायच्या. सिलिकॉन कार्बाइड खोलीच्या तापमानापासूनच मायक्रोवेव्ह चांगली शोषते, तिची उष्णतावाहकता चांगली असते आणि ती हवेत जळत नाही. ग्राफाइटही शोषते, पण ते हवेत साधारण ५०० अंशांच्या आसपास जळू लागते, म्हणून नायट्रोजनची सोय नसलेल्यांनी ग्राफाइटच्या वाटेला जाऊ नये. ग्राइंडिंगच्या चाकाचे तुकडे वापरण्याचा मोह होतो, कारण आपल्या शहरात ते जागोजागी मिळतात. परंतु त्यांतील चिकटवणारे द्रव्य तापल्यावर धूर आणि अशुद्धी सोडते. भट्टीच्या फळ्या विकणाऱ्यांकडून शुद्ध सिलिकॉन कार्बाइडची फरशी कापून घ्यावी.

प्रत्येकी ७५ ग्रॅमच्या, ७० ते ८० मिलिमीटर लांबी-रुंदीच्या दोन फरश्या घेतल्या, तर त्यांची एकत्रित उष्णताधारकता दर अंशाला सुमारे १०५ जूल होते. त्यांनी ३०० वॅट शोषले तर तापण्याचा वेग सेकंदाला साधारण ३ अंशांवर येतो आणि थाळीच्या एका फेरीत तापमान तीस-चाळीस अंशच चढते. तेवढ्यात फरशीतून उष्णताही पसरते. वेफर या दोन फरश्यांच्या मधोमध त्यांच्याकडून येणाऱ्या प्रारणाने तापतो आणि स्वतः शोषलेली मायक्रोवेव्ह त्यात थोडी भर घालते.

रचना अशी करावी. सर्वांत बाहेर अॅल्युमिना तंतूंच्या फळीची पेटी; ती मायक्रोवेव्ह आत सोडते आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पेटीच्या तळाशी खालची फरशी. तिच्यावर क्वार्ट्झचे तीन छोटे, सारख्या उंचीचे तुकडे, साधारण ३ मिलिमीटरचे. चार ठेवले तर वेफर डुगडुगतो. त्यांवर वेफर, कुठेही न दाबता, न चिमटता, कारण तापताना त्याला पसरायला मोकळीक हवी. वेफरभोवती कड्यासारखी सिलिकॉन कार्बाइडची पट्टी, वेफरपासून ३ ते ४ मिलिमीटर अंतर राखून. वर पुन्हा तेवढ्याच अंतरावर दुसरी फरशी आणि शेवटी पेटीचे झाकण. कडे अनावश्यक वाटून अनेक जण गाळतात. मात्र वेफरची कड मधल्या भागापेक्षा जास्त उष्णता बाहेर टाकते आणि हा तोटा कड्याशिवाय भरून निघत नाही. ५०० अंशांना वेफरची उत्सर्जकता (प्रारण बाहेर टाकण्याची क्षमता) ०.७ धरली, तर त्याच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे ५६ वॅट प्रारणाने टाकतात. ९०० अंशांना हाच आकडा जवळपास ३०० वॅटपर्यंत जातो. ९०० अंशांचे काम या घरगुती रचनेत करू नये असे मी म्हणतो त्याचे कारण या दोन आकड्यांत आहे.

सिलिकॉन कार्बाइडच्या धुळीने वेफर खराब होईल ही शंका रास्त आहे. तिच्यावर चांगला उपाय म्हणजे खऱ्या वेफरच्या खाली आणि वर एकेक टाकाऊ वेफर ठेवणे. ते धूळ अडवतात आणि स्वतःही थोडी ऊर्जा शोषून तापमान अधिक समतल करतात.

तंतूंची फळी कापताना मास्क आणि हातमोजे घालावेत. ही फळी हवेतील ओलावा धरून ठेवते, आणि श्रावणातल्या नाशिकात तर फारच. ओल्या पेटीत पाणीच आधी ऊर्जा खाते आणि वेफरला काय मिळाले याचा हिशेब लागत नाही. म्हणून दर वेळी रिकामी पेटी फरश्यांसह कमी शक्तीवर दहा मिनिटे चालवून, झाकण उघडून, वाफ जाऊ द्यावी.

सुरक्षितता

भट्टीचे बाहेरचे आवरण उघडू नये. मॅग्नेट्रॉनला सुमारे ४००० व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यानंतरही आतला कॅपॅसिटर जीवघेणा झटका देऊ शकतो. दाराची कड, जाळी किंवा बिजागरी जराही वाकलेली असेल तर ती भट्टी बाद समजावी. ५ सेंटीमीटर अंतरावर दर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॅट ही गळतीची मान्य मर्यादा आहे. गळतीमापकाने दाराच्या चारही कडा तपासाव्यात, कारण डोळ्याच्या भिंगात रक्तप्रवाह नसल्याने ते तापले तर लवकर निवत नाही. गॅलियम आर्सेनाइड किंवा कॅडमियम टेल्युराइड यांसारखे अर्धवाहक या भट्टीत मुळीच ठेवू नयेत, कारण तापल्यावर आर्सेनिक आणि कॅडमियमची विषारी वाफ सुटते. ज्या भट्टीत हे प्रयोग केले तिच्यात पुन्हा अन्न तापवू नये. तिच्यावर तसे ठळक लिहावे.

तापमान मोजणे

येथे सर्वाधिक फसगत होते. बाजारातला साधा इन्फ्रारेड तापमापक ८ ते १४ मायक्रॉनच्या किरणांवर चालतो आणि कमी तापमानाला थोडीच अशुद्धी मिसळलेला पातळ सिलिकॉन या किरणांना बराचसा पारदर्शक असतो. आपण वेफर मोजत आहोत असे वाटते, प्रत्यक्षात त्याच्यामागची फरशी मोजली जाते. सिलिकॉनच्या ऊर्जापट्ट्यांमधील अंतर १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे असल्याने तो १.१ मायक्रॉनपेक्षा आखूड किरणांनाच नीट अडवतो. म्हणून ०.९ ते १ मायक्रॉनवर चालणारा पायरोमीटर, म्हणजे तापलेल्या वस्तूच्या प्रकाशावरून तापमान सांगणारे उपकरण लागते. त्याला क्वार्ट्झची खिडकी चालते, परंतु साधारण ४५० ते ५०० अंशांच्या खाली त्याला पुरेसा प्रकाशच मिळत नाही. त्याखाली ३०० अंशांपर्यंत ऑप्टिकल फायबरचा प्रोब उत्तम, पण महाग.

पायरोमीटरसाठी पोकळीला छिद्र लागते आणि ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. छिद्रावर धातूची नळी सलग वेल्ड केलेली असावी. नळीचा व्यास कटऑफच्या, म्हणजे ज्याखाली लहर नळीतून पुढे जाऊच शकत नाही त्या मर्यादेच्या, बराच आत असेल, तर लहर नळीच्या व्यासाएवढी लांबी ओलांडताना दर वेळी सुमारे ३२ डेसिबलने क्षीण होते. म्हणजे १० मिलिमीटर व्यासाची, ३ सेंटीमीटर लांबीची नळी जवळपास ९६ डेसिबल अडवते. मात्र त्या नळीतून कोणतीही तार किंवा थर्मोकपल बाहेर काढले, तर हा हिशेब कोसळतो आणि तीच नळी अँटेनाच्या केबलसारखी ऊर्जा बाहेर आणते. ही चूक मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे.

ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही त्यांनी वेल्डिंगवाले लोखंड किती तापले हे पाहण्यासाठी वापरतात ती, ठरलेल्या तापमानाला वितळणारी तापमानदर्शक कांडी आणावी. सातपूरच्या कोणत्याही चांगल्या फॅब्रिकेशन शॉपला ती ठाऊक असते. टाकाऊ वेफरच्या मध्यभागी आणि कडेला चार दिशांना, अशा पाच जागी ४००, ४५० आणि ५०० अंशांच्या कांड्यांच्या बारीक रेघा ओढाव्यात. कोणत्या जागी कोणती रेघ वितळली यावरून तापमानाचा नकाशा मिळतो. हे काम टाकाऊ वेफरवरच करावे, कारण कांडीचे द्रव्य खऱ्या वेफरला दूषित करते.

प्रत्यक्ष चाचणी

पेटी सुकवून, टाकाऊ वेफरवर रेघा ओढून, थर रचून पेटी थाळीच्या मध्यभागी ठेवावी. सुमारे ३०० वॅटवर सुरुवात करावी. अंदाजे ३०० अंशांपर्यंत चढल्यावर शक्ती उतरवून दोन मिनिटे तापमान तिथेच स्थिर धरावे. सिलिकॉनचे स्वतःचे वाहक वरचढ होण्याच्या वळणावर वेफरचा प्रत्येक भाग एकाच तापमानाला पोहोचलेला असावा, हा या थांब्याचा हेतू आहे. उतावीळपणे येथे पुढे गेलेल्यांचेच वेफर फुटतात. त्यानंतर सेकंदाला साधारण १ अंशाच्या वेगाने ५०० अंशांपर्यंत जावे, ठरलेला वेळ थांबावे आणि भट्टी बंद करून पेटी न उघडता तिला निवू द्यावे. मोकळा वेफर ५०० अंशांवरून सेकंदाला सुमारे ५० अंशांनी थंड होऊ लागतो. पेटीत तो फरश्यांच्या संथ गतीने निवतो. झाकण १५० अंशांच्या खाली आल्यावरच काढावे.

कांडीच्या रेघा पाचही जागी सारख्या वितळल्या की खरा वेफर ठेवायला हरकत नाही. त्याची समानता चार टोकांच्या प्रोबने तपासावी: बाहेरच्या दोन टोकांतून प्रवाह सोडून आतल्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजायचा, त्याला प्रवाहाने भागून ४.५३२ ने गुणायचे, की त्या जागेचा शीट रेझिस्टन्स मिळतो. असे अनेक जागी मोजावे. कमाल आणि किमान मूल्यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागले की असमानतेचे प्रमाण हाती येते. इथे एक सापळा आहे. ओढून वाढवलेल्या स्फटिकापासून बनलेल्या वेफरमध्ये ऑक्सिजन असतो आणि ४५० अंशांच्या आसपास बराच वेळ ठेवल्यास तो स्वतःच इलेक्ट्रॉन देणारे दोष तयार करतो. मग रोधकता बदलली ती आपल्या प्रक्रियेने की या ऑक्सिजनने, हे कळेनासे होते. चाचणीचा थांबा काही मिनिटांचाच ठेवावा.

बिघाड ओळखणे

मध्यभाग तापला आणि कड थंड राहिली, तर कडे वेफरपासून फार दूर आहे किंवा फारच पातळ आहे. एकच बाजू तापत असेल, तर थाळी खरोखर फिरते आहे का ते आधी पाहावे. जड पेटीमुळे ती घसरून थांबते, आणि दाराच्या जाळीतून हे सहज लक्षात येत नाही. फिरत असूनही एकच बाजू तापत असेल, तर फरश्यांची अदलाबदल करून दोष फरशीबरोबर जातो का ते तपासावे. अचानक चमकदार ठिपका दिसला, तर शक्ती कमी करत बसू नये, भट्टी ताबडतोब बंद करावी. कडेला ठिणग्या उडत असतील, तर वेफरवर धातूचा थर आहे किंवा कड टवका उडून टोकदार झाली आहे. रोज निकाल वेगळा येत असेल, तर वीजदाब आणि पेटीतला ओलावा हे दोन संशयित आधी गाठावेत.

घरगुती भट्टीच्या पलीकडे

उद्योगात हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवतात. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस बदलत्या वारंवारितेची भट्टी विकसित झाली. तिच्यात लहरीची वारंवारिता एका दशांश सेकंदात सुमारे ४०९६ टप्प्यांतून फिरवली जाते. प्रत्येक टप्प्याला जेमतेम २५ मायक्रोसेकंद मिळत असल्याने एकही गरम ठिपका जागच्या जागी टिकत नाही. थाळीला दहा सेकंद लागतात ते काम इथे शंभर पट वेगाने होते. वेफरवरचे पॉलिमरचे थर पक्के करण्यासाठी ही पद्धत वापरतात. दुसरा मार्ग ५.८ गिगाहर्ट्झचा. तिथे लहर ५.२ सेंटीमीटरची असल्याने त्याच आकाराच्या पोकळीत सुमारे तेरा पट अधिक लहरनमुने मावतात आणि क्षेत्र मुळातच कमी डागाळलेले राहते. कॉर्नेल विद्यापीठातील जेम्स ह्वांग यांच्या गटाने तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साथीने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात मात्र उलटी वाट धरली: स्थिर लहर पुसून न टाकता ती कुठे उभी राहील हे त्यांनी ठरवले आणि विद्राव्यतेच्या मर्यादेपलीकडे मिसळलेला फॉस्फरस सिलिकॉनमध्ये सक्रिय, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा, करून दाखवला.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला ही वाट डब्ल्यूआर-३४० मापाच्या वेव्हगाइडच्या (लहर वाहून नेणाऱ्या धातूच्या आयताकृती नळीच्या) एकाच लहरनमुन्याच्या पोकळीतून चोखाळता येते. तिच्या आत लहरीची लांबी सुमारे १७.३ सेंटीमीटर होते, म्हणून विद्युतक्षेत्राचे शिखर आणि चुंबकीय क्षेत्राचे शिखर एकमेकांपासून ४.३ सेंटीमीटरवर येतात. सरकत्या शॉर्टने, म्हणजे नळीचे टोक बंद करणाऱ्या धातूच्या सरकत्या पडद्याने, ही शिखरे हवी तिथे आणता येतात. ०.०१ ओहम-सेंटीमीटरसारखा भरपूर अशुद्धी मिसळलेला छोटा तुकडा विद्युत शिखरावर फारसा तापत नाही. तो चुंबकीय शिखरावर ठेवावा. चुंबकीय क्षेत्र पृष्ठभागाला लंब असेल, तर तुकड्यात वर्तुळाकार प्रवाह फिरतात आणि ते कडेला अधिक उष्णता देतात. अशा वेळी सिलिकॉन कार्बाइडचे कडे काढून ठेवावे, नाहीतर कडेचीच उष्णता दुप्पट होते.